लंबर: अडगळ, ओंडका आणि हत्तीची चाल

गावाकडच्या मराठीत 'लंबर' म्हणजे नंबर. 'एक लंबर काम झालं' असं कुणी म्हणालं की समजायचं, गडी खूश आहे. उत्तरेकडच्या 'लंबरदार' या हुद्द्यातला लंबरही तोच, इंग्रजी 'नंबर' आपल्या जिभेवर वळून तयार झालेला. ऑफिसच्या खुर्चीला 'लंबर सपोर्ट' असतो, तो दुसरा. त्याचं नातं कमरेशी. मला ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो तिसरा लंबर. तो पूर्ण इंग्रजी आहे आणि त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र राहतात.

क्रियापद म्हणून त्याचा अर्थ जड, बोजड पावलं टाकत चालणं. अस्वल असं चालतं, रणगाडा असा चालतो, हत्ती तर असा चालतोच असं इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं. अमेरिकेत आणि कॅनडात तोच शब्द नाम झाला की अर्थ होतो कापलेलं इमारती लाकूड, आणि 'लंबरिंग' म्हणजे झाडं पाडून, ओंडके वाहून, फळ्या कापून विकण्याचा सगळा धंदा. ब्रिटनमध्ये मात्र लंबर म्हणजे अडगळ. 'लंबर-रूम'ला आपल्याकडे नेमका प्रतिशब्द आहे, अडगळीची खोली. शिवाय ब्रिटिश बोलीत एखाद्याला 'लंबर' केलं म्हणजे नको असलेलं काम त्याच्या गळ्यात मारलं.

या तीन अर्थांची जन्मतारीख वेगवेगळी आहे. चालीचा अर्थ सगळ्यांत जुना, मध्ययुगीन इंग्रजीतला. त्याचं नातं स्कँडिनेव्हियन बोलींमधल्या हळू, जड चालण्याच्या शब्दांशी जोडतात. अडगळीचा अर्थ सोळाव्या शतकात दिसतो. लाकडाचा अर्थ सतराव्या शतकात, तोही अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत. जे उचलायला, हलवायला जड ते लंबर, असा चालीपासून अडगळीपर्यंतचा रस्ता काही अभ्यासक दाखवतात. वसाहतवाल्यांना शेतीसाठी जमीन हवी होती आणि तिच्यावर जंगल उभं होतं. आधी वाटेतला अडथळा, मग तोच माल.

दुसरी एक व्युत्पत्ती आहे आणि ती मला जास्त आवडते. उत्तर इटलीतल्या लोम्बार्डीचे सावकार मध्ययुगात युरोपभर पसरले. लंडनची 'लोम्बार्ड स्ट्रीट' त्यांच्याच नावाची. त्यांच्यामुळे 'लोम्बार्ड' म्हणजे सावकार आणि पुढे गहाणवटीचं दुकान असा अर्थ झाला. गहाण पडलेल्या वस्तू एका खोलीत रचलेल्या असायच्या आणि त्या खोलीवरून 'लंबर' आला, असं हे म्हणणं. शब्दकोश दोन्ही रस्त्यांपुढे 'बहुधा' लावून मोकळे होतात. या 'बहुधा'कडे मी नंतर परत येणार आहे, कारण माझ्या मते या शब्दात दडलेल्या नैतिक प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. एका शब्दाचे अनेक अर्थ ही आमच्या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी. २०१३ साली आलेल्या 'वर्ड-टू-व्हेक' या पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांच्या अवकाशात एकच बिंदू मिळायचा. 'लंबर'सारख्या शब्दाचं तिथे काय होतं? त्याचा बिंदू लाकूड, अडगळ आणि बोजड चाल यांच्या मधे कुठेतरी पडतो, सगळ्या अर्थांची सरासरी काढल्यासारखा. नंतरच्या मॉडेलांनी संदर्भ पाहून अर्थ वेगळे करायला सुरुवात केली आणि तांत्रिकदृष्ट्या ती प्रगतीच आहे. पण मला तो जुना, चुकीचा बिंदू विचार करण्यासारखा वाटतो. एखादी गोष्ट आपल्या वेगाने चालत नाही, आपली जागा अडवते किंवा आपल्याला पैसे मिळवून देते. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत की एकच नजर?

*

चालीपासून सुरुवात करू. हत्तीची चाल बोजड आहे, हे कुणी ठरवलं?

आपल्याकडे 'गजगामिनी' ही शिवी नाही, स्तुती आहे. हत्तीसारखी डौलात, संथ, वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश सोपवत चालणारी ती गजगामिनी. २०२४ मध्ये 'हीरामंडी' आली तेव्हा अदिती राव हैदरीची ती चाल किती दिवस रील्समध्ये फिरत होती ते आठवा. हजारो जणींनी ती करून पाहिली. प्राणी तोच, पाय तेच. एका भाषेत तो लंबर करतो, दुसऱ्या भाषेत तो सौंदर्याचं माप ठरतो.

विज्ञानाला विचारलं तर ते दुसऱ्या बाजूला झुकतं. हत्ती एका अर्थाने बोटांवर चालतो. टाचेखाली चरबी आणि तंतूंची जाड गादी असते, म्हणून इतकं वजन असूनही पावलांचा आवाज जवळजवळ होत नाही. २००३ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला होता. थायलंडमधल्या ४२ आशियाई हत्तींच्या चालीचं चित्रण करून संशोधकांनी त्यांचा वेग मोजला. सर्वांत जास्त वेग निघाला सेकंदाला ६.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर. त्या वेगातही हत्तीचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडत नाहीत. मी किंवा तुम्ही त्याच्यापुढे पळून फार वेळ टिकणार नाही. तरी बोजड तो.

'बोजड' या शब्दात एक घड्याळ लपलेलं आहे आणि ते घड्याळ बोलणाऱ्याच्या मनगटावर असतं. फुटपाथवर पुढे चालणाऱ्या म्हातारबुवांच्या मागे आपण चुळबुळतो, तेव्हा ते हळू चाललेले नसतात. ते त्यांच्या वेगाने चाललेले असतात. 'हळू' हे आपलं मत असतं, पण वाक्यात ते त्यांचा गुणधर्म म्हणून येतं.

अडगळीचंही तसंच. अडगळ नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. कुणी अडगळ विकत घेत नाही, कुणी अडगळ बनवत नाही. वस्तू तीच राहते, आपण तिच्यापासून सरकतो आणि ती अडगळ होते. आमच्या घरात एक सागवानी पाळणा पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होता. दर दिवाळीच्या साफसफाईत त्याला देऊन टाकायची चर्चा व्हायची. ताईला मुलगी झाली आणि तो पाळणा एका दिवसात घरातली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू झाला. पाळण्यात कणभरही बदल झाला नव्हता.

सध्या आवराआवरीचं एक तत्त्वज्ञान जगभर चालतं. मारी कोंडो सांगते की वस्तू हातात धरा, आनंद होतो का पाहा, होत नसेल तर आभार मानून निरोप द्या. माझ्या वन-बीएचकेसाठी हा सल्ला उत्तम आहे. पण त्यातलं माप पुन्हा मीच. नेमाड्यांनी 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला 'समृद्ध' हे विशेषण लावलं. ते वाचताना आपण क्षणभर थबकतो याचं कारणच हे की अडगळ आणि समृद्धी हे दोन शब्द शेजारी बसवायची सवय आपल्याला नाही.

*

आता लाकूड. इथे माप नुसतं मनात राहत नाही, ते सूत्र होतं.

अमेरिकेत लाकूड 'बोर्ड फूट'मध्ये मोजतात: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. ओंडका गोल असतो, फळी सपाट. मग एका ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचा अंदाज बांधायला एकोणिसाव्या शतकात 'डॉयल रूल' नावाचं सूत्र रूढ झालं. १६ फूट लांबीच्या ओंडक्यासाठी ते फार सोपं आहे. बारीक टोकाचा व्यास इंचांत घ्या, त्यातून चार वजा करा, उत्तराचा वर्ग करा. २० इंचांचा ओंडका २५६ बोर्ड फूट. १२ इंचांचा ६४. आठ इंचांचा १६. आणि चार इंचांचा? शून्य.

ते वजा चार कापताना वाया जाणाऱ्या बाजूंसाठी आहेत. इंजिनिअर म्हणून मला त्यात काही गैर दिसत नाही. अंदाजाचं सूत्र असंच असतं. पण चार इंच जाडीचं, सोळा फूट सरळ वाढलेलं झाड या सूत्राच्या जगात अस्तित्वातच नाही, हेही तितकंच खरं. आणि जे हिशेबात नाही त्याचं काय झालं, हे विचारायला रकाना नसतो.

मेन, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांतली पांढऱ्या पाइनची जंगलं एकोणिसाव्या शतकात अशीच मोजून कापली गेली. हिवाळ्यात तोड करायची, बर्फावरून ओंडके ओढून नदीकाठी आणायचे, वसंतात बर्फ वितळलं की नदीत सोडायचे. प्रत्येक मालकाचा शिक्का ओंडक्याच्या टोकावर हातोडीने ठोकलेला. हव्या त्या खोडाच्या फळ्या झाल्या आणि त्यांतून शहरं उभी राहिली. नको असलेल्या फांद्या, शेंडे, साल जंगलातच पडून राहिलं. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री, दीर्घ कोरड्या उन्हाळ्यानंतर, विस्कॉन्सिनमधलं पेश्टिगो नावाचं लाकूडतोडीचं गाव आगीत नष्ट झालं. त्या आगीतल्या मृतांचा अंदाज १२०० ते २५०० असा सांगतात. ठिणगीला कारणं अनेक, पण तिला खाद्य पुरवण्यात त्या सुकलेल्या उरल्यासुरल्याचा मोठा वाटा होता. त्याच रात्री शिकागोही पेटलं आणि जगाने शिकागो लक्षात ठेवलं. एका अर्थाचा लंबर विकला गेला, दुसऱ्या अर्थाचा मागे राहिला आणि जळाला.

*

या शब्दाचे दोन अर्थ एकाच वाटेने चालताना पाहायचे असतील तर अमेरिका सोडून ब्रह्मदेशात यावं लागतं. तिथे लाकडाचा धंदाच हत्तीच्या चालीवर उभा होता.

सागाचं ओलं लाकूड पाण्यात बुडतं. म्हणून तिथे झाडाच्या बुंध्याभोवतीची साल गोल कापून झाड उभ्या उभ्या दोन-तीन वर्षं वाळू द्यायचे. मग तोड. डोंगरउतारावर, चिखलात, जिथे गाडी जात नाही तिथून ओंडका ओढ्यापर्यंत न्यायचा तो हत्तीने. पावसाळ्यात पूर आला की ओंडके वाहत इरावतीला मिळायचे, तिथे त्यांचे तराफे बांधून रंगूनला. मधे ओंडके अडकून बसले तर तो गुंता सोडवायलाही हत्तीच. रात्री हत्तींना पायात साखळी अडकवून, गळ्यात घंटा बांधून जंगलात चरायला सोडत. सकाळी माहूत घंटेच्या आवाजावरून आपला हत्ती शोधायचा.

या धंद्यातली मोठी कंपनी आपल्या मुंबईची होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, स्थापना १८६३. वॉलेस नावाच्या स्कॉटिश बंधूंनी काढलेली ही कंपनी आज वाडिया समूहात आहे, आणि ब्रिटानिया बिस्किटांच्या कंपनीत तिच्या समूहाची मोठी मालकी आहे. १८८५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजदरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला की तिने प्रत्यक्षात तोडले त्यापेक्षा कमी ओंडके दाखवून राजाचं उत्पन्न बुडवलं. सुमारे २३ लाख रुपयांचा दंड झाला. ब्रिटिशांना तिथे फ्रेंचांच्या वाढत्या वावराची काळजी होतीच. ओंडक्यांच्या मोजणीचं हे भांडण त्यांना निमित्त म्हणून पुरलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध झालं, काही आठवड्यांत संपलं, आणि १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली.

थिबा राजाचं पुढे काय झालं ते रत्नागिरीला जाऊन आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. राणी आणि मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तीस वर्षं तो तिथे होता. आज आपण बघतो त्या थिबा पॅलेसमध्ये तो राहायला गेला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरमध्ये वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला उलट दिशेने, रंगूनला पाठवलं होतं. तो तिथेच १८६२ मध्ये मेला. साम्राज्यालाही अडगळीच्या खोल्या लागतात. ज्याला मारता येत नाही आणि ज्याचा उपयोगही उरलेला नाही, त्याला दूरच्या खोलीत ठेवायचं, पेन्शन लावायचं आणि खर्चाची कुरकुर करायची. मँडलेमध्ये ज्याच्या पावलांना लोक नमस्कार करायचे तो रत्नागिरीच्या सरकारी कागदपत्रांत खर्चाची एक बाब झाला. पाळण्याची गोष्ट इथे उलटी घडली. यात माणूस माळ्यावर गेला.

*

२०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०१६ मध्ये वर्षभर देशभरातली तोडच थांबवली. जंगलासाठी हे गरजेचंच होतं. झाडं झपाट्याने कमी होत होती. पण लाकूडतोडीच्या छावण्यांमध्ये हजारो हत्ती होते आणि त्यांचं काम एकदम कमी झालं. बेकार हत्ती. त्यांचा चारा, त्यांचे माहूत, औषधं, सगळा खर्च होता तसाच. त्यांना जंगलात सोडून द्यावं म्हटलं तर पिढ्यान्‌पिढ्या माणसांबरोबर वाढलेला हत्ती गावात घुसतो, शेत तुडवतो, शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो. काहींना पर्यटकांच्या छावण्यांत पाठवलं गेलं. लंबर करणारे लंबर ओढत होते, ते आता स्वतःच लंबर झाले.

इथे सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो: माणसाने प्राण्याला वापरलं हेच पाप. पण एक आकडा आडवा येतो. २००८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींची तुलना म्यानमारच्या लाकूड छावण्यांत जन्मलेल्या हत्तिणींशी केली होती. प्राणिसंग्रहालयात मध्यक आयुष्य सुमारे १९ वर्षं. छावणीत सुमारे ४२. जिथे हत्तीकडून काहीच काम करून घेतलं जात नव्हतं, नुसतं बघितलं जात होतं, तिथे तो लवकर मेला. जिथे राबवलं जात होतं पण रात्री जंगलात सोडलं जात होतं, तिथे दुपटीहून जास्त जगला. याचा अर्थ छावणीतलं आयुष्य चांगलं होतं असा नाही. पिल्लाला माणसाळवण्याची पद्धत निर्दय असते. पण 'उपयोग करणं म्हणजे इजा करणं' हे समीकरण इतकं सरळ नाही, एवढं तरी यातून कळतं.

चीनमधल्या च्वांग त्झू या प्राचीन तत्त्वज्ञाच्या नावावर असलेल्या ग्रंथात झाडांच्या दोन गोष्टी आहेत. पहिलीत एक सुतार एका प्रचंड झाडाकडे ढुंकूनही न पाहता पुढे जातो. शिष्य विचारतो, तर तो सांगतो की या लाकडाची नाव बुडेल, पेटी कुजेल, खांबाला कीड लागेल; कशाच्याच उपयोगाचं नाही म्हणून तर एवढं वाढलं. रात्री ते झाड स्वप्नात येऊन त्याला सुनावतं की निरुपयोगी होणं हाच माझा मोठा उपयोग होता, आणि तू मला वस्तू म्हणतोस, पण तूही एक वस्तूच आहेस. ही गोष्ट मोबाइलवर फॉरवर्ड होण्याइतकी गोड आहे. दुसरी तशी नाही. त्या गोष्टीत असंच एक निरुपयोगी झाड बघून गुरुशिष्य मित्राच्या घरी मुक्कामाला जातात. मित्र मेजवानीसाठी हंस मारायला सांगतो. दोन हंस आहेत. एक ओरडून राखण करतो, दुसऱ्याला ओरडता येत नाही. कुठला मारायचा? न ओरडणारा. दुसऱ्या दिवशी शिष्य विचारतो, झाड निरुपयोगी म्हणून वाचलं, हंस निरुपयोगी म्हणून मेला. तुम्ही कुठे उभे राहाल? गुरू हसतो आणि म्हणतो, दोन्हींच्या मधे. आणि लगेच कबूल करतो की तीही जागा सुरक्षित वाटते तेवढी नाही.

मला हा दुसरा प्रसंग जास्त प्रामाणिक वाटतो. उपयोग तुम्हाला वाचवत नाही, निरुपयोगही वाचवत नाही. निर्णय घेणारा माणूस माप घेऊन उभा असेपर्यंत तुम्ही कुठेही उभे राहा, तुमचा जीव त्याच्या मापाच्या हातात.

*

हे सगळं हत्तींचं आणि झाडांचं आहे असं वाटत असेल तर हिंजवडीत या. आयटीत प्रोजेक्ट संपला आणि पुढचा मिळाला नाही की माणूस 'बेंच'वर जातो. बाकडं. लाकडाचं असो वा नसो, शब्द लाकडाचा आहे. मी दोन महिने होतो. त्या काळात माझ्या नावापुढे एक्सेलमध्ये 'एजिंग' नावाचा रकाना होता आणि त्यातला आकडा रोज एकाने वाढायचा. मुरायला ठेवलेल्या लाकडाचं वय वाढलं की भाव वाढतो. माझं उलट होतं. मीटिंगमध्ये कुणी 'दोन जावाचे रिसोर्सेस लागतील' म्हणालं की मान वर करायची. कुणी वाईट वागलं नाही, पगार वेळेवर आला. पण मी काल जे होतो तेच आज होतो आणि तरी माझा रकाना बदलला होता, हे रोज सकाळी लॅपटॉप उघडला की दिसायचं.

हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९५३ च्या एका व्याख्यानात वनरक्षकाचं उदाहरण दिलं होतं. जंगलात पाडलेलं लाकूड मोजत तो आजोबांच्याच पायवाटेने चालतो. पण आता तो लाकूड उद्योगाच्या हुकमाने चालतो, त्याला कळो न कळो. म्हणजे मोजणारा स्वतः कधी साठ्यात जमा झाला ते त्याच्या लक्षातच येत नाही. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, १७८५ मध्ये, कांटने यावर तोडगा मांडला होता: ज्याच्या बदल्यात दुसरं काही देता येतं त्याला किंमत असते; ज्याला पर्याय नाही त्याला प्रतिष्ठा असते; आणि माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. 'नुसतं' हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. वापरू नका असं कांट म्हणत नाही. न्हाव्याकडे जाताना मी त्याला वापरतोच, तोही मला वापरतो.

पण कांटची प्रतिष्ठा विवेकी माणसापाशी थांबते. हत्ती बाहेर, झाड बाहेर. आणि किंमत-प्रतिष्ठा ही विभागणी वापर चालू असतानाची आहे. माझा प्रश्न वापर संपल्यानंतरचा आहे. काम संपलेला हत्ती, तोडीनंतर उरलेल्या फांद्या, राज्य गेलेला राजा, बेंचवरचा इंजिनिअर, आणि उद्या आपल्यापेक्षा हळू चालणारे आपले आईवडील. त्यांचं आपण काय देणं लागतो, आणि का?

*

इथे तो लोम्बार्ड सावकार उपयोगी पडतो.

गहाणवटीच्या दुकानातली खोली बाहेरून अडगळीच्या खोलीसारखीच दिसते. भांडी, कपडे, हत्यारं, पेट्या, सगळं जड, धुळीचं, वाट अडवणारं. फरक एकच. तिथल्या प्रत्येक वस्तूवर कुणाचं तरी देणं आहे. तिच्या बदल्यात कुणीतरी आधीच काहीतरी घेऊन गेलं आहे. ती पडून आहे म्हणजे टाकून दिलेली नाही. ती सोडवून घ्यायची राहिली आहे.

व्युत्पत्ती म्हणून हे खरं आहे की नाही यावर माझा युक्तिवाद अवलंबून नाही. मी फक्त एवढं सुचवतो आहे की अडगळ दिसली की ती गहाण असू शकते, असं धरून चालावं. हत्तीच्या श्रमाच्या बदल्यात फळ्या, जहाजं, दारं-खिडक्या कुणीतरी आधीच नेल्या आहेत. कर्ज उचललं गेलं आहे. हत्ती बेकार झाला म्हणून ते फिटलं असं होत नाही. उलट आता वसुलीची वेळ आली आहे. पेश्टिगोच्या जंगलातल्या फांद्या हीही न फेडलेली उधारी होती. ती शेवटी वसूल झाली, पण ज्यांनी नफा नेला त्यांच्याकडूनच झाली असं नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असं धरलं तर काहीच टाकता येणार नाही. घर गोडाऊन होईल, कंपनी बुडेल. मान्य. सगळीच अडगळ गहाण नसते. लग्नात आलेले स्टीलचे सात डबे खुशाल भंगारात द्यावेत. म्हणून कसोटी हवी आणि ती 'हे माझ्या कामाचं आहे का' ही नको. कसोटी अशी: हे इथे, या अवस्थेत, कुणाच्या कामामुळे आलं? हत्ती स्वतः होऊन छावणीत आला नाही. त्याला माणसाशिवाय जगता येत नाही हे माणसाचं काम आहे. डब्यांबाबत असं म्हणता येत नाही. जिथे उत्तर 'आमच्या कामामुळे' असं येतं तिथे ओझं आपलं. ते दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, म्हणजे ब्रिटिशांच्या भाषेत दुसऱ्याला लंबर करणं, ही कर्जबुडवेगिरी झाली.

दुसरा आक्षेप आईवडिलांना कर्जाच्या वहीत बसवण्याबद्दल असेल. तोही मान्य, प्रेम हिशेबात मावत नाही. पण ज्या दिवशी प्रेम थकलेलं असतं, ज्या दिवशी आपण फुटपाथवर त्यांच्या मागे चुळबुळत असतो, त्या दिवसासाठी काहीतरी खडबडीत, न विरघळणारं हवं. देणं हा तसा शब्द आहे.

राहता राहिली नोंद. गहाणाला पावती लागते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ज्याला 'लॉग' म्हणतो तो शब्दही लाकडाचाच. जुन्या जहाजांवर वेग मोजायला दोरीला लाकडाचा तुकडा बांधून समुद्रात टाकत; दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत, ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत, आणि तो आकडा ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. तिथून लॉग, लॉगिन, वेबलॉग आणि ब्लॉग. कोडमधली एखादी विचित्र, बोजड ओळ काढून टाकण्याआधी लॉग बघावा, ती कुणी, कधी, कशासाठी लिहिली ते वाचावं, हे आमच्या धंद्यातलं शहाणपण आहे. बऱ्याचदा ती ओळ कुठल्यातरी जुन्या अपघाताची पावती निघते.

म्यानमारच्या लाकूड खात्यातही प्रत्येक हत्तीची अशी वही ठेवली जाते. नाव, जन्म, आई कोण, पकडलेला की छावणीत जन्मलेला, दुखापती, आजार, पिल्लं, कामातून निवृत्ती. २००८ चा तो अभ्यास या वह्यांमुळेच शक्य झाला. वही ठेवणाऱ्यांनी ती मालाची नोंद म्हणून सुरू केली असेल. पण अशी वही एकदा असली की 'हा कुठून आला, आम्हाला माहीत नाही' असं म्हणायची सोय राहत नाही. त्या वहीत प्रत्येक हत्तीचं नाव आहे आणि नावाबरोबर एक लंबर आहे. गावाकडच्या मराठीतला.